नोझलची घडण आणि फवाऱ्याचे थेंब
स्ट्रॉबेरी व द्राक्ष बागायतदारांसाठी उपयुक्त माहिती

फवारणीचा खर्च काढताना शेतकरी औषधाची किंमत, मजुरी आणि पंपाचे इंधन धरतो. नोझलमधील चकतीचा खर्च मात्र हिशेबात कोठेच येत नाही, कारण तो संपूर्ण खर्चाच्या मानाने अगदीच किरकोळ असतो. परंतु हजारो रुपयांचे औषध पानावर पोहोचणार, जमिनीवर ठिबकणार की वाऱ्याबरोबर शेजारच्या शिवारात जाणार, हे बव्हंशी याच चकतीवर ठरते. औषध चांगले, मात्रा योग्य, वेळही योग्य, तरीही रोग आटोक्यात आला नाही, अशी तक्रार असेल तर औषध बदलण्यापूर्वी नोझल उघडून पाहणे अगत्याचे आहे.

पाचगणी, भिलार, खिंगर, राजपुरी, भोसे या गावांच्या शिवारात स्ट्रॉबेरी हे प्रमुख नगदी पीक आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. या पिकात फळे पक्व होऊ लागली की दर दोन-तीन दिवसांनी तोडणी चालते. फळ सालीसकट आणि बहुधा ताजेच खाल्ले जाते. त्यामुळे 'थोडे जास्त औषध पडले तर काय बिघडले' असे म्हणण्यास येथे वाव नाही. दुसरीकडे भुरी, फळावरील करडी बुरशी आणि पानाच्या मागील बाजूस राहणारी लाल कोळी हे शत्रू असे आहेत की, औषध नेमके त्यांच्या जागी पोहोचले नाही तर फवारणी वाया जाते. कमी औषधात जास्त पृष्ठभाग झाकणे हाच यावरचा मार्ग असून तो थेंबाच्या आकारातून जातो. थेंबाचा आकार कसा ठरतो, हे या लेखात पाहू.

भोवऱ्याचा फवारा कसा तयार होतो?

पाठीवरच्या पंपाला, तसेच द्राक्षबागेतील ब्लोअरला कीडनाशके व बुरशीनाशके फवारण्यासाठी जे नोझल सर्वसाधारणपणे वापरतात, ते पोकळ शंकूचे नोझल होय. त्याची टोपी उघडली की आत क्रमाने जाळी, तिरप्या खाचांची चकती, वायसर आणि मध्यभागी बारीक छिद्र असलेली चकती असे भाग दिसतात. खाचांची चकती आणि छिद्राची चकती यांच्यामध्ये वायसरच्या जाडीएवढी लहानशी गोल पोकळी राहते. खरे काम या पोकळीत चालते.

दाबाखालील द्रावण तिरप्या खाचांतून या पोकळीत कडेने शिरते आणि वेगाने गोल फिरू लागते. मोरीतून पाणी जाताना भोवरा होऊन मध्ये पोकळी पडते, तसाच हा प्रकार आहे. फिरणारे पाणी छिद्राकडे सरकताना आणखी वेग घेते आणि छिद्राच्या भिंतीला चिकटून बाहेर पडते. मध्यभागी हवेचा स्तंभ राहतो. म्हणजे छिद्र पाण्याने पूर्ण भरलेले नसते, पाण्याचा केवळ पातळ थर त्याच्या कडेने फिरत असतो. बाहेर पडताच हा थर छत्रीसारखा पसरतो. पसरताना तो अधिकाधिक पातळ होतो, मग फाटतो, त्याचे धागे होतात आणि धाग्यांचे थेंब बनतात.

यातून एक साधा नियम निघतो. पाण्याचा पडदा जितका पातळ, तितके थेंब बारीक; पडदा जितका जाड, तितके थेंब मोठे. नोझलच्या प्रत्येक भागाचा परिणाम या नियमाने समजून घेता येतो.

हे तत्त्व नवे नाही. अमेरिकेत १८८० च्या दशकात कपाशीवरील अळीसाठी फवारणीची साधने तयार करताना कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांच्या पथकाने भोवरा निर्माण करणारे नोझल पुढे आणले. त्याच दशकात फ्रान्समध्ये द्राक्षावरील केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण आले आणि अशाच नोझलचा वापर तेथील द्राक्षमळ्यांत सुरू झाला. दूध भुकटीच्या कारखान्यात आटवलेले दूध गरम हवेत फवारण्यासाठीही याच तत्त्वाची नोझल वापरली जातात.

थेंबाचा आकार का महत्त्वाचा?

थेंबाचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतात. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मि.मी. फवाऱ्यातील सर्व थेंब कधीच सारखे नसतात, म्हणून सरासरी आकारावरून फवाऱ्याची प्रत ठरवतात. १०० ते २०० मायक्रॉनचा फवारा बारीक, २०० ते ३०० चा मध्यम आणि त्यापुढचा जाड समजावा.

एका २०० मायक्रॉनच्या थेंबात जेवढे पाणी असते, तेवढ्याच पाण्यात १०० मायक्रॉनचे आठ थेंब होतात. हे आठ थेंब मिळून पानाचा दुप्पट भाग झाकतात. औषध मात्र तेवढेच लागते. बारीक थेंबाचा हा फायदा आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही खालील तक्त्यावरून लक्षात येईल.

तक्ता : थेंबाचा आकार व त्याचे वर्तन (आकडे ढोबळ आहेत)

| थेंबाचा व्यास (मायक्रॉन) | १ मि.लि. द्रावणातून होणारे थेंब | शांत हवेत १ मीटर खाली येण्यास लागणारा वेळ | ३० अंश से. तापमान व ५० टक्के आर्द्रतेत पाण्याचा थेंब टिकण्याचा काळ |
|---|---|---|---|
| ५० | १ कोटी ५३ लाख | १३ सेकंद | ४ सेकंद |
| १०० | १९ लाख | ४ सेकंद | १६ सेकंद |
| २०० | २ लाख ४० हजार | दीड सेकंद | १ मिनिट |
| ४०० | ३० हजार | अर्धा ते पाऊण सेकंद | ४ मिनिटे |

नोझलमधून निघताना थेंबाला स्वतःचा वेग असतो आणि नोझल पिकाजवळ धरलेले असते, म्हणून प्रत्यक्षात अंतर कमी पडते. तरीही तक्त्यातून दिसणारी दिशा स्पष्ट आहे. ५० मायक्रॉनचा थेंब कोरड्या हवेत पानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुकून जाण्याचा संभव असतो. ताशी साडेपाच किलोमीटर इतक्या मंद वाऱ्यात १०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर खाली येईपर्यंत सहा मीटर बाजूला जाऊ शकतो, तर २०० मायक्रॉनचा सुमारे दोन मीटर जातो. याउलट ४०० मायक्रॉनचा थेंब सरळ खाली येतो, पण तो पानावर आदळून उडतो किंवा घरंगळतो आणि पानाच्या मागील बाजूस जवळजवळ पोहोचतच नाही.

म्हणून 'जितका बारीक तितका चांगला' हे म्हणणे बरोबर नाही आणि 'पाने ठिबकेपर्यंत भिजवावे' हेही बरोबर नाही. पानावरून ठिबकलेले औषध मातीत किंवा मल्चिंगच्या कागदावर जाते, रोगावर नाही. बुरशीनाशके व कीटकनाशके यांच्यासाठी १०० मायक्रॉनच्या वर आणि २५० च्या आत बहुतांश थेंब असावेत, असे धोरण ठेवावे. स्पर्शजन्य बुरशीनाशकासाठी पानाच्या दर चौरस सेंटीमीटरला ५० ते ७० थेंब, तर कीटकनाशकासाठी २० ते ३० थेंब पडले तरी साधारणपणे पुरेसे होतात. तणनाशकासाठी मात्र पोकळ शंकूचे नोझल वापरू नये. त्यासाठी जाड थेंबाचे पंखा पद्धतीचे चपटे नोझल कमी दाबावर वापरावे.

नोझलच्या कोणत्या भागाने थेंब बदलतो?

१) छिद्राचा व्यास : छिद्र मोठे झाले की त्याच्या भिंतीवरून जाणारा पाण्याचा थर जाड होतो. पाणी जास्त जाते आणि थेंबही मोठे होतात. १ मि.मी. छिद्र झिजून १.१ मि.मी. झाले, तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण छिद्राचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढलेले असते.

२) खाचांची संख्या व रुंदी : खाचा कमी व अरुंद असल्या की तेवढेच पाणी अधिक वेगाने आत शिरते व जोराने फिरते. शंकू रुंद होतो, पडदा पातळ होतो आणि थेंब बारीक पडतात. खाचा रुंद किंवा जास्त असल्या की फिरण्याचा जोर कमी पडतो, पाणी जास्त जाते, शंकू अरुंद होतो आणि थेंब मोठे होतात. म्हणजे छिद्राची चकती तीच ठेवून केवळ खाचांची चकती बदलली, तरी पाण्याचे प्रमाण, शंकूचा कोन आणि थेंब ही तिन्ही बदलतात. या दोन चकत्या जोडीनेच निवडाव्यात व जोडीनेच बदलाव्यात.

३) पोकळीची खोली : दोन चकत्यांमधील अंतर वाढले की फिरणारे पाणी वाटेतच भिंतीशी घासून जोर गमावते. शंकू अरुंद होतो, फवारा लांब जातो आणि थेंब जाड होतात. फिरवून कमी-जास्त करता येणाऱ्या नोझलमध्ये नेमके हेच घडते. टोपी घट्ट केली की रुंद व बारीक फवारा मिळतो, सैल केली की शेवटी सरळ धार लागते. म्हणून मूळ वायसर फाटल्यावर ट्यूबचा तुकडा कापून दोन-दोन वायसर बसवणे योग्य नाही. गळती थांबते, पण पोकळी खोल होऊन फवारा बिघडतो.

४) छिद्राची लांबी : चकती जाड असेल तर छिद्र लांब होते. त्याच्या भिंतीशी घर्षण वाढून पडदा जाड होतो आणि शंकू मिटतो. काही चकत्यांच्या छिद्राला एका बाजूने उतार दिलेला असतो. अशी चकती उलटी बसवल्यास फवाऱ्याची घडण बदलते. नोझल उघडताना चकती कोणत्या बाजूने होती, हे पाहून ठेवावे.

५) खाचांच्या चकतीतील मधले छिद्र : काही चकत्यांना खाचांबरोबर मध्यभागीही छिद्र असते. त्यातून सरळ येणारे पाणी मधला हवेचा स्तंभ भरून काढते आणि पोकळ शंकूऐवजी भरीव शंकू मिळतो. त्यातील थेंब मोठे असतात. दुकानातून चकती घेताना मधले छिद्र आहे किंवा नाही हे पाहून घ्यावे. दोन्ही चकत्या एकाच नोझलमध्ये बसतात, पण त्यांचे काम वेगळे आहे.

६) छिद्राची कड : पडदा या कडेवरूनच सुटतो. कडेला खाच पडली, औषधाचा थर बसला किंवा तार घालून छिद्र लांबट झाले की पडदा एका बाजूस जाड व दुसऱ्या बाजूस पातळ होतो. फवाऱ्यात धारा दिसू लागतात. एका झाडावर औषध जास्त तर शेजारच्या झाडावर कमी पडते.

दाब वाढवावा की चकती बदलावी?

फवारा जाड पडू लागला की दाब वाढवण्याकडे बहुतेकांचा कल असतो. दाब वाढवल्याने थेंब बारीक होतात, हे खरे आहे. परंतु हा उपाय महाग पडतो. नोझलमधून जाणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दाब दुप्पट केला तर पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढते आणि थेंबाचा सरासरी आकार ढोबळमानाने पाव हिश्श्याने कमी होतो. त्याबरोबर १०० मायक्रॉनच्या आतील, वाऱ्यावर उडून जाणाऱ्या थेंबांचे प्रमाणही वाढते आणि चकतीची झीज अधिक वेगाने होते.

म्हणून थेंबाचा आकार आधी चकत्यांच्या योग्य जोडीने ठरवावा आणि दाब केवळ बारीकसारीक फेरफारासाठी वापरावा. पाठीवरच्या पंपासाठी २ ते ३ कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. दाब पुरेसा असतो. हातपंपावर दांडा एकसारख्या गतीने मारावा, कारण दाब पडला की थेंब लगेच जाड होतात. बॅटरीच्या पंपात बॅटरी उतरत आली की हाच परिणाम दिसतो. जाळी तुंबली असल्यासही नोझलपर्यंत पूर्ण दाब पोहोचत नाही.

झिजलेल्या चकतीचा दुहेरी तोटा

गंधक, कॉपर ऑक्सिक्लोराइड यांसारख्या पाण्यात मिसळणाऱ्या भुकट्या आणि बोर्डो मिश्रण यांतील कण छिद्राची कड हळूहळू घासून काढतात. पितळी चकती लवकर झिजते. पोलादी चकती तिच्यापेक्षा अधिक टिकते आणि सिरॅमिकची सर्वात जास्त टिकते.

झिजलेल्या चकतीचा तोटा पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, नवे नोझल ठराविक दाबावर मिनिटाला ६०० मि.लि. द्रावण देते आणि एका गुंठ्यास ६ लीटर द्रावण लागते. एकरास २४० लीटर होतात. औषधाचे प्रमाण लीटरला २ ग्रॅम धरल्यास ४८० ग्रॅम औषध लागेल. चकती झिजून तेच नोझल ७२० मि.लि. देऊ लागले, तर त्याच चालीने फवारताना एकरी २८८ लीटर द्रावण व ५७६ ग्रॅम औषध जाईल. प्रत्येक फवारणीत ९६ ग्रॅम जादा. दहा फवारण्यांत जवळजवळ एक किलो औषध नुसते वाया जाईल.

तोटा येथेच थांबत नाही. झिजलेल्या छिद्रातून थेंबही मोठे पडतात. समजा, सरासरी थेंब १५० मायक्रॉनवरून १६५ मायक्रॉन झाला. केवळ दहा टक्के वाढ, पण तेवढ्यानेच प्रत्येक लीटरमधून होणारे थेंब एक चतुर्थांशाने घटतात. द्रावण २० टक्के जास्त जाऊनही पिकावर पडणारे एकूण थेंब आधीपेक्षा १० टक्के कमी होतात. म्हणजे औषध जास्त आणि झाकलेला भाग कमी. फळावर औषधाचा अंश जास्त राहण्याची भीती आणि तरीही कोळी व भुरी शिल्लक, असा हा दुहेरी तोटा होय.

पठारावरची हवा व सांगलीची हवा

एकाच नोझलचा परिणाम सर्व ठिकाणी सारखा मिळत नाही. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात सकाळी हवा थंड व दमट असते. तापमान २० अंश से. आणि आर्द्रता ८० टक्के असताना ५० मायक्रॉनचा थेंब सुमारे १४ सेकंद आणि १०० मायक्रॉनचा जवळजवळ एक मिनिट टिकतो. तक्त्यातील कोरड्या हवेच्या मानाने हा काळ तिपटीहून अधिक आहे. म्हणजे पठारावर बारीक थेंब सुकून जात नाही, तो जिवंत राहून वाऱ्याबरोबर लांब जातो. येथे मुख्य धोका औषध उडून शेजारच्या वाफ्यावर, वस्तीवर किंवा रस्त्यावर जाण्याचा आहे.

सकाळी वारा अगदी पडलेला असतो, म्हणून ती वेळ निर्धोक वाटते. परंतु थंड हवा जमिनीलगत साचलेली असताना बारीक थेंब खाली बसत नाहीत. ते धुक्यासारखे तरंगतात आणि उतारावरून खाली सरकतात. शिवाय पानावर दव असताना फवारलेले औषध दवाबरोबर ओघळते. म्हणून दव सुकल्यानंतर, मंद झुळूक असताना आणि वारा जोर धरण्यापूर्वी फवारणी उरकावी. वारा ताशी १० किलोमीटरच्या पुढे गेल्यास फवारणी थांबवावी. स्ट्रॉबेरीचे झाड जमिनीलगत असल्याने नोझल पिकापासून ३० ते ४५ सें.मी. अंतरावर धरावे. कोळीसाठी फवारताना टोकाला वळवलेली दांडी वापरून नोझलचे तोंड तिरपे वर करावे, म्हणजे फवारा पानाच्या मागे पोहोचेल.

सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पलूस या भागांतील द्राक्षबागांत परिस्थिती निराळी आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या काळात दुपारची हवा तापते व कोरडी होते. तेथे ५० मायक्रॉनचे थेंब वेलीपर्यंत जाण्यापूर्वीच सुकतात. म्हणून दुपारची फवारणी टाळावी. ब्लोअरमध्ये हवेचा झोत थेंबांना वाहून वेलीच्या आत नेतो, त्यामुळे तेथे बारीक थेंबही उपयोगी पडतात. पण त्यासाठी सर्व नोझल सारखी चालली पाहिजेत. ब्लोअरच्या कमानीवरील दोन-तीन नोझल झिजली व बाकीची नवी असली, तर एकाच वेलीच्या खालच्या घडांवर औषध जास्त व वरच्या पानांवर कमी, असे होऊन केवडा वरूनच सुरू होतो. चकत्या बदलताना पूर्ण संच बदलावा.

घरच्या घरी तपासणी

नोझलची तपासणी करण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. एक बादली, मोजपात्र व घड्याळ पुरे. तपासणी साध्या पाण्याने करावी.

१) नवी चकती आणल्यावर, नेहमीच्या दाबावर एक मिनिट फवारा बादलीत धरून पाणी मोजावे व आकडा पंपावर रंगाने लिहून ठेवावा.

२) हंगामात दर पंधरवड्यास हीच मोजणी करावी. पाणी मूळ आकड्यापेक्षा १० टक्क्यांनी वाढले की चकती टाकून द्यावी. ६०० मि.लि. च्या नोझलसाठी ६६० मि.लि. ही मर्यादा होय. पाणी कमी झाले असेल तर जाळी, खाचा व छिद्र साफ करावे.

३) कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर नोझल सरळ खाली धरून क्षणभर फवारावे. सारख्या जाडीचे ओले कडे उमटले पाहिजे. कडे एका बाजूस जाड, तुटलेले किंवा लांबट दिसल्यास चकती बिघडली आहे.

४) पांढऱ्या कागदाच्या लहान पट्ट्या पानाच्या वरच्या व मागील बाजूस टाचणीने लावाव्यात. पाण्यात खाण्याचा रंग टाकून नेहमीच्या चालीने फवारावे. पुठ्ठ्याला एक सेंटीमीटर लांबी-रुंदीचा चौकोन कापून तो पट्टीवर ठेवावा व भिंगातून ठिपके मोजावेत. पट्टी पूर्ण भिजून रंग ओघळला असल्यास द्रावण जास्त होत आहे. मागील बाजूची पट्टी कोरी राहिल्यास कोळीपर्यंत औषध पोहोचत नाही, असे समजावे.

५) एक गुंठा मोजून तो साध्या पाण्याने फवारावा. लागलेल्या पाण्यास ४० ने गुणल्यास एकरी लागणारे पाणी मिळते. औषधाच्या वेष्टनावरील एकरी किंवा हेक्टरी मात्रा या पाण्यात बसवावी. ज्या औषधास त्या पिकासाठी शिफारस आहे तेच वापरावे व तोडणीपूर्वी सोडावयाचे दिवस काटेकोरपणे पाळावेत.

माणसे, मधमाशा आणि पाणी

नोझल तुंबल्यावर ते तोंडाने फुंकून साफ करणे अत्यंत धोक्याचे आहे. तार, खिळा किंवा टाचणीही वापरू नये, कारण त्याने छिद्राची कड बिघडते. मऊ ब्रश व पाण्याने चकती धुवावी. खिशात एक जादा चकती ठेवावी म्हणजे शेतात खोळंबा होत नाही.

अतिशय बारीक थेंब डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर आत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती, परंतु त्यातून घ्यावयाचा धडा सर्वांना लागू आहे. दाब वाढवून धुके करणारी फवारणी करू नये, वाऱ्याकडे तोंड करून चालू नये आणि मुखपट्टी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.

महाबळेश्वर तालुका मधासाठीही प्रसिद्ध आहे. तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. स्ट्रॉबेरीच्या फुलांवर मधमाशा चांगल्या फिरल्या तर फळ भरीव व एकसारखे होते. म्हणजे उडून जाणारा बारीक थेंब मधपाळाबरोबर स्ट्रॉबेरी उत्पादकाचेही नुकसान करतो. फुलोऱ्यात मधमाशांना घातक औषधे टाळावीत व आवश्यक फवारणी मधमाशा परतल्यावर सायंकाळी करावी. पंप धुतलेले पाणी ओढ्यात सोडू नये. या डोंगरावरचे पाणी पुढे कृष्णेला मिळते आणि खालच्या गावांच्या पिण्यात येते.

थोडक्यात महत्त्वाचे

* पाण्याचा पडदा पातळ तर थेंब बारीक, पडदा जाड तर थेंब मोठे.
* छिद्र, खाचा, पोकळीची खोली व कड या चार गोष्टींनी पडदा ठरतो. चकत्या जोडीने निवडाव्यात.
* फवारा बिघडला की आधी चकती पाहावी, दाब नंतर वाढवावा.
* नव्या चकतीपेक्षा १० टक्के जास्त पाणी येऊ लागले की चकती बदलावी. ब्लोअरचा पूर्ण संच बदलावा.
* पठारावर थेंब उडण्याची, तर कोरड्या भागात सुकण्याची काळजी घ्यावी.

हंगाम सुरू होण्यापूर्वी एक सकाळ नोझलसाठी काढावी. बादली व घड्याळाने केलेली तेवढी तपासणी संपूर्ण हंगामातील औषधाची बचत करील आणि बाजारात जाणारे फळही निर्धोक राहील.